सुधारणेची मर्यादा

पौड-पिरंगुटाकडील एखाद्या तरुणाच्या हातीं विजेची गिटार दिसली, तर आतां कोणास नवल वाटत नाहीं. बहुधा ती स्वस्तांतली असते. वर्ष-सहा महिने वाजवून झालें, कीं तिच्या उणिवा ध्यानीं येतात. मग खुंट्या बदलतात, घोडी बदलते, तारांचा नाद टिपणारें पिकअप बदलतें, आणि या सुट्या भागांची किंमत कधीं कधीं मूळ वाद्याहूनही अधिक होते. घरांतील वडील मंडळी विचारतात, "एवढ्या पैशांत चांगलेंच वाद्य कां घेतलें नाहींस? आणि यांत आतां जुनें तें काय उरलें?" पहिला प्रश्न व्यवहाराचा आहे, दुसरा तत्त्वज्ञानाचा.

व्यवहाराचें उत्तर सोपें आहे. सूर उतरण्याचा दोष पुष्कळदां खुंट्यांचा नसतोच; मानेच्या टोकाशीं ज्या पट्टीच्या खांचांतून तारा जातात, तेथें त्या अडकत असतात. कानशीच्या चार हातांनीं जें साधतें, त्यासाठीं नव्या खुंट्या घेणें हा अपव्यय होय. दोष नीट ओळखून केलेला खर्च मात्र विक्रींत परत मिळाला नाहीं, तरी वाजविणाराच्या पदरीं पडतो.

दुसरा प्रश्न फार जुना. चाक, आंस, दांडी यांपैकीं रथ कोणता, असें नागसेनानें मिलिंद राजास विचारलें होतें. एकेक कुजलेली फळी काढून नवी बसवीत गेल्यावर थीसियसचें जहाज तेंच राहिलें काय, हा वाद ग्रीक तत्त्वज्ञ घालीत. मला वाटतें, वस्तूचें 'तेंच'पण तिच्या प्रयोजनांत असतें. गिटार सुरासाठीं आहे. सूर स्थिर करणारी नवी खुंटी तिला तिच्याच वाटेनें पुढें नेते. तिचा कोणताही भाग 'मला राहूं द्या' असें म्हणत नाहीं. म्हणून ही सुधारणा निर्दोष आहे.

परंतु त्या पिकअपमध्यें तांब्याच्या तारेचें वेटोळें आणि लोहचुंबक असतात. पोलादी तार त्यांच्यासमोर कंप पावली, कीं वेटोळ्यांत वीज उपजते. फॅरडेनें हा नियम १८३१ सालीं दाखविला. मुळशीच्या धरणाचें पाणी सह्याद्रीखालीं भिरा येथें उतरून जीं यंत्रें फिरवितें, त्यांतही तोच नियम राबतो. टाटांच्या कंपनीच्या या धरणासाठीं मावळ्यांच्या जमिनी जाणार, तेव्हां १९२१ च्या रामनवमीस, १६ एप्रिल रोजीं, सत्याग्रह सुरू झाला. पां. म. बापट 'सेनापति' म्हणून ओळखले जाऊं लागले ते याच लढ्यामुळें. १९२४ च्या सुमारास लढा ओसरला, आणि पुढें खोरें पाण्याखालीं गेलें.

मोबदला मिळेल, मुंबईच्या गिरण्यांना वीज मिळेल, असें सुधारणेचे कैवारी म्हणत. वीज खरोखरच मिळाली. मुंबईस ती आजही मिळते. तो लाभ नाकारणें अप्रामाणिकपणाचें होईल. पण पैसे मोजून भाग बदलतां येतो, हें तत्त्व गिटारीस लागू पडतें. भाताच्या खाचरास, गांवच्या देवळास आणि त्यांच्याभोंवतीं जगणाऱ्या माणसांस लागू पडत नाहीं. वाद्याचें प्रयोजन वाजविणारा ठरवितो. माणसाचें प्रयोजन दुसऱ्यानें ठरवावयाचें नसतें.

सुधारणा करूंच नये, असा याचा अर्थ नव्हे. ज्याचें कांहीं काढून घ्यावयाचें, त्यास आधीं विचारावें, आणि त्याचें 'नाहीं' ऐकण्याचीही तयारी ठेवावी, एवढाच अर्थ आहे. गिटारीस विचारतां येत नाहीं. मावळ्यांस विचारतां येत होतें.