पितरांचे आडनाव

सातारा आणि सांगली या दोन जिल्ह्यांत आपल्या घराण्याची वंशावळ जुळवू पाहणाऱ्यास पूर्वज सापडत नाहीत असे सहसा होत नाही. उलट एकच पूर्वज दोन-तीन आडनावांनी सापडतो आणि भोसले व भोंसले हे एक की दोन, या प्रश्नाने शोधणारा हैराण होतो. जुन्या कागदांच्या मोडी लिपीत ऱ्हस्वदीर्घाचा भेद बहुधा पाळलेला नसतो, अनुस्वार कारकुनाच्या मर्जीवर असतो. पुढे १८४८ साली साताऱ्याचे राज्य खालसा होऊन इंग्रजी दफ्तर सुरू झाले, तेव्हा एकाच भावकीतला एक पवार रोमन 'ए'ने आणि दुसरा 'ओ'ने लिहिला जाऊ लागला.

परंतु मूळचे शुद्ध रूप कोणते, असे विचारताना मूळ काही होते हे आपण गृहीतच धरतो. फलटणचे निंबाळकर मूळचे पवार आणि जतचे डफळे मूळचे चव्हाण म्हणवतात. निंबळक आणि डफळापूर या गावांनी त्यांना नवी नावे दिली.

आडनाव असे बदलले तरी श्राद्ध अडत नाही. त्यात कर्ता पिता, पितामह, प्रपितामह यांचे नाव आणि गोत्र उच्चारतो, वसु-रुद्र-आदित्यरूपाने त्यांचे आवाहन करतो, गोत्र ठाऊक नसेल तर काश्यप म्हणतो. आडनावाला त्या संकल्पात जागाच नाही. पिंड पोचतो तो नात्याच्या पत्त्यावर, अशी येथे श्रद्धा आहे. मात्र यावरून 'नामरूप मिथ्या' असे म्हणून कागद मिटून ठेवणे हा आळशाचा वेदान्त होय, कारण एका गावातील पवारांची दोन निरनिराळी कुळे अशा औदार्याने एकत्र शिवली जातात. ती वेगळी ठरतात देवकावरून, कुलस्वामीवरून, वतनाच्या सनदेवरून, आणि नाशिक-त्र्यंबकेश्वरच्या उपाध्यांकडील नामावळीवरून, जिथे यात्रेस आलेल्या पूर्वजाने गावासह भाऊ-पुतण्यांची नावे लिहवून ठेवलेली असतात. त्या नामावळीत आडनाव जसे वळले असेल तसेच, कागदाच्या सालासह, उतरून घ्यावे. आजच्या शाळेच्या दाखल्याशी जुळावे म्हणून ते सुधारणे म्हणजे त्या पूर्वजाच्या नावाने बनावट दस्त करणे होय.

ज्या पणजीचे माहेरचे आडनाव एकाही दफ्तरात नाही, तिच्याबाबतीत तर वर्णलेखनाचा वादच उद्भवत नाही. तिचे माहेर उरते ते तिचा मुलगा महालयात मातामहास पिंड देतो तेवढ्यापुरते, आणि तेथेही ते केवळ गोत्राने.