आई काळकाई, खाटेवरच्या माणसाकडे लक्ष असू दे

आई काळकाई, खेडजवळच्या भरण्यात तू बसली आहेस आणि नाक्यावरून रात्री-अपरात्री मुंबईकडे धावणाऱ्या रुग्णवाहिका तुला दिसतात. त्यांतल्या जिवांसाठी हात जोडतेच. पण आज आधी मागते ते दवाखान्यात आधीच भरती असलेल्या माणसासाठी.

घरी कुणाच्या अंगावरून वारं गेलं तर आरडाओरडा होतो, शेजारी गाडी काढतो. दवाखान्यातला माणूस मात्र डॉक्टरांच्या हाती आहे म्हणून आपण सगळे निर्धास्त. खुब्याचं ऑपरेशन झालेली आजी गुंगीत आहे, झोपू दे तिला, असं म्हणत आपण पांघरूण सारखं करतो. त्याच वेळी मेंदूच्या मोठ्या रक्तवाहिनीत गुठळी अडकलेली असते आणि मिनिटाला सुमारे १९ लाख पेशी मरत असतात. दवाखान्यात असूनही अशा रुग्णाचा पक्षाघाताचा झटका कित्येकदा बाहेरून आलेल्यापेक्षा उशिरा ओळखला जातो. हे मला फार लागतं, आई.

म्हणून पहिलं मागणं नजरेचं. रात्री दोनचं इंजेक्शन द्यायला आलेल्या सिस्टरला तोंडाची ओघळलेली बाजू दिसू दे. “आजी, दोन्ही हात वर करा बघू,” असं तिने म्हणावं, डावा हात खाली येताना तिला दिसावा आणि तिने लगेच डॉक्टरांना हाक मारावी. आजी शेवटचं नीट कधी बोलली, हे खाटेशेजारी चटई टाकून झोपलेल्या सुनेला नेमकं आठवू दे. पुढचे कितीतरी निर्णय त्या वेळेवर ठरतात. तिला शंका आली, तर ‘उगाच कशाला कुणाला उठवायचं’ म्हणून तिने गप्प बसू नये.

गुठळी विरघळवणारं इंजेक्शन एरवी साडेचार तासांच्या आत देतात. पण नुकतंच मोठं ऑपरेशन झालेल्याला किंवा रक्त पातळ करणारं औषध चालू असलेल्याला ते बहुधा देता येत नाही, रक्तस्रावाचं भय असतं. वॉर्डात अशीच माणसं जास्त. त्यांच्यासाठी तू माणसाच्या बुद्धीला दुसरी वाट दाखवलीस. जांघेतल्या धमनीतून बारीक नळी थेट मेंदूपर्यंत न्यायची आणि गुठळी जाळीत धरून किंवा शोषून बाहेर काढायची. २०१५ मध्ये एकापाठोपाठ पाच अभ्यासांतून तिचा गुण दिसला. २०१८ मध्ये कळलं, की निवडक रुग्णांना २४ तासांपर्यंतही तिचा उपयोग होतो. सगळेच उठून चालत नाहीत, हे मला ठाऊक आहे. तरी ज्याची वाचा परत येते, त्याच्या घरी तूच आलेली असतेस.

पण आई, ही विद्या अजून बहुतेक मोठ्या शहरांत. खेडहून मुंबई सव्वादोनशे किलोमीटरच्या आसपास, मध्ये कशेडीचा घाट. बोगदा झाला, फार बरं झालं. तरी पावसात जगबुडी नदी चढली की आमचा जीव टांगणीला लागतो. कळंबणीच्या उपजिल्हा रुग्णालयात आणि गावोगावच्या दवाखान्यांत रात्रपाळी करणाऱ्यांच्या अंगात बळ दे. सीटी स्कॅनच्या प्रतिमा शहरातल्या डॉक्टरांच्या फोनवर पोहोचेपर्यंत रेंज जाऊ देऊ नकोस. कागद आणि पैसे यांच्या घोळात गाडी दारातच अडकू देऊ नकोस. आणि ही नळी घालणारे हात आमच्याच पोरापोरींतून घडव. शिकून ती इकडे परत येऊ देत, आजीला तिच्या बोलीत हाक मारू देत.