गल्ल्याची किल्ली

सांगली जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावात एक पतसंस्था होती आणि तिचा जीव पिग्मीत होता. भाजीवाल्या, सलूनवाले, वडापावच्या गाड्या, एसटी स्टँडसमोर चपला शिवणारे, कुणी रोज शंभर द्यायचं, कुणी पन्नास. एजंटाने रोज दारात येऊन ठेव गोळा करण्याच्या या पद्धतीची सुरुवात १९२८ साली उडुपीत झाली. पुढे सिंडिकेट बँक म्हणून ओळखल्या गेलेल्या पेढीने रोज दोन-दोन आणे गोळा करायला माणसं दारोदार धाडली होती. आता एजंटाच्या हातात वही नसते, तळहाताएवढं यंत्र असतं. ते चिठ्ठी छापतं, आणि भरणा संस्थेच्या संगणकावर उतरवला की खातेदाराच्या मोबाइलवर एसएमएस जातो. उतरवायचं काम एजंटाचंच. त्यामुळे दुपारी एजंट काउंटरच्या आत यायचा, जो संगणक मोकळा दिसेल त्याला वायर जोडायचा. कुणी मान वर करून बघतही नसे.

दिवाळीच्या तोंडावर हौसाबाई पिग्मी मोडायला आल्या. मंडईत मेथी-कोथिंबीर विकून रोज शंभर रुपये भरणारी बाई. वर्षाचे छत्तीस हजारांच्या आसपास व्हायला हवे होते. संगणकाने एकतीस हजार चारशे दाखवले.

हौसाबाईंनी भांडण केलं नाही. घरी गेल्या आणि भिंतीवरचं कालनिर्णय काढून घेऊन आल्या. एजंटाला पैसे दिले की त्या तारखेवर काजळाचा ठिपका. शिपाई नामदेवने ठिपके मोजले. एसएमएस येत नव्हते का, असं विचारल्यावर त्या म्हणाल्या, "आधी यायचे. पोरगं वाचून दावायचं. मग बंद झाले. पिग्मीवाला भाऊ म्हणाला, कंपनीचं काहीतरी बिघडलंय. चिठ्ठीचा रोलबी संपला म्हणायचा."

शोध घेतला तर हौसाबाईंसारखी अकरा खाती निघाली. जूनमधल्या एका गुरुवारी दुपारी २ वाजून ६ मिनिटांपासून २ वाजून १९ मिनिटांपर्यंत, तेरा मिनिटांत, अकरा खातेदारांचे मोबाइल नंबर बदलले होते. तेव्हापासून एसएमएस भलतीकडे जात होते आणि गोळा केलेल्या शंभरातले साठच यंत्रात चढत होते. प्रत्येक बदलापुढे वापरकर्त्याचं नाव एकच होतं: शैला.

शैलाताई बावीस वर्षं तिथे लिपिक होत्या. सोनेतारण, पासबुक, खाते उघडणं, सगळं त्यांच्याकडे. एजंटाने हात वर केले. तो म्हणाला, "खातेदारांनी नंबर बदलायचे फॉर्म दिले, मी ताईंकडे दिले. पुढचं मला काय माहीत?" फॉर्म सापडेनात. कॅमेरे दोन होते, एक दारावर आणि एक कॅशवर, आणि त्यांतलं जूनचं चित्रण केव्हाच पुसून गेलं होतं. संचालकांच्या बैठकीत कुणी चोर म्हटलं नाही. "चौकशी होईपर्यंत बाईंनी रजेवर जावं," एवढंच ठरलं. गावात एवढं पुरतं. दुसऱ्या दिवशी किराणा दुकानदाराने त्यांना उधारीचं विचारलं, आधी कधी विचारलं नव्हतं.

त्या गुरुवारी आपण कुठे होतो, हे शैलाताईंना आठवेना. चार महिन्यांपूर्वीची एक दुपार कुणाला आठवते? खुर्चीतच असणार, असं त्यांना स्वतःलाही वाटायला लागलं. आपणच कुणाच्या सांगण्यावरून नंबर बदलले असतील आणि विसरलो असू, इथपर्यंत त्यांचं मन गेलं. यंत्राने लिहिलेल्या वेळेपुढे माणसाची आठवण टिकत नाही, आणि या सगळ्या प्रकरणातली सर्वांत वाईट गोष्ट मला तीच वाटते.

लेखापरीक्षक जुन्या वळणाचे होते. त्यांनी संगणकाची यादी बाजूला ठेवली आणि त्या तारखेची सगळी रजिस्टरं मागवली, अगदी टपाल आवक-जावकसुद्धा. त्यात एक तांबड्या पाठीचं रजिस्टर होतं, सोनेतारणाची तिजोरी उघड-बंद केल्याचं. या तिजोरीला दोन किल्ल्या. एक मॅनेजरसाहेबांकडे, दुसरी शैलाताईंकडे, आणि दोघं हजर असल्याशिवाय दार उघडत नाही. त्या गुरुवारची नोंद होती: उघडली २.०१, बंद २.२४. पाकीट क्रमांक, दोघांच्या सह्या आणि खाली पाकीट सोडवून नेणाऱ्या शेतकऱ्याची सही. पोरीच्या लग्नासाठी तो बायकोचा राणीहार सोडवायला आला होता आणि त्याला साडेतीनची गाडी गाठायची होती.

लेखापरीक्षकांनी यादी आणि रजिस्टर शेजारी शेजारी ठेवलं. "साहेब," ते म्हणाले, "संगणक म्हणतो बाई खुर्चीत होत्या. वही म्हणते तुमच्याबरोबर तिजोरीत होत्या. तुमचं काय म्हणणं?"

मॅनेजरसाहेबांनी आपलीच सही दोनदा पाहिली.

पुढचं थोडक्यात सांगतो, कारण ते पोलीस ठाण्यात घडलं आणि तशा गोष्टी सगळीकडे सारख्याच घडतात. शैलाताई घाईत उठल्या, संगणक उघडाच राहिला, यंत्र जोडायला एजंट त्यांच्या खुर्चीत बसला. नंबर त्याच्या मेव्हण्याच्या दुकानातल्या सिमकार्डांचे होते. माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६६ क मध्ये दुसऱ्याचा पासवर्ड किंवा ओळख लबाडीने वापरण्याला तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक लाखापर्यंत दंड आहे. हे कलम एजंटाने पहिल्यांदा ऐकलं आणि तो कबूल झाला. त्याच्या अनामतीतून आणि बाकीचे संस्थेने घालून अकरा जणांचे पैसे दिले गेले. शैलाताई कामावर परत आल्या.

आता खरी गंमत.

संचालकांनी ठराव केला की, एक मिनिट कुणी हात लावला नाही तर संगणक आपोआप बंद व्हावा. बंद म्हणजे लॉक, पासवर्ड टाकल्याशिवाय पडदा उघडू नये. सॉफ्टवेअर कंपनीचा पोरगा आला, विंडोजमध्ये साठ सेकंदांचा आकडा भरून गेला. सगळ्यांना बरं वाटलं. ठरावाची इतिवृत्तात नोंद झाली.

पण पतसंस्थेत एक मिनिट म्हणजे काही नव्हे. म्हातारा खातेदार चष्मा शोधतो तोवर पडदा काळा. सोनं तोलून होतं तोवर काळा. आजी पासबुक कमरेच्या पिशवीतून काढतात, त्याची रबरं सोडतात, तोवर पुन्हा काळा. दर वेळी पासवर्ड. दुसऱ्या आठवड्यात मॅनेजरसाहेबांनी मनगटातलं काट्याचं घड्याळ काढून टेबलावर ठेवलं आणि माऊस त्यावर. सेकंदकाटा खालून फिरत राहतो, माऊसला वाटतं हात हलतोय. संगणक दिवसभर जागा. वसुली अधिकाऱ्याने नामदेवला सांगून ठेवलं, "जाता-येता माझ्या कीबोर्डवर एक थाप मारत जा." कुणी म्हणेल आपली माणसंच अशी. पण अमेरिकेतल्या इस्पितळांबद्दल २०१५ साली एक अभ्यास प्रसिद्ध झाला. तिथे माणूस दूर गेला की संगणक बंद करणारे सेन्सर बसवले होते. डॉक्टर-नर्सांनी त्या सेन्सरवर थर्माकोलचे पेले उलटे घातले. एका ठिकाणी तर सर्वांत नव्या माणसाला कामच दिलं होतं की, सगळ्यांच्या कीबोर्डवर फिरून स्पेसबार दाबत राहायचं. नामदेवला हे कळलं असतं तर त्याने पगारवाढ मागितली असती.

याहून मोठं भोक वेगळंच होतं आणि ते शैलाताईंना दिसलं. काउंटरचे दोन संगणक चौघांत. विंडोजचा पासवर्ड चौघांचा एकच, संस्थेचं नाव आणि पुढे १२३. पडदा काळा झाला तरी तो कुणीही उघडू शकत होता. आणि उघडल्यावर आत काय? तर आधीचा माणूस पतसंस्थेच्या प्रोग्रॅममध्ये आपल्या नावाने शिरला होता तसाच शिरलेला. म्हणजे बाहेरच्या दाराला कुलूप घातलं, किल्ली चौघांना दिली आणि आतली खोली शैलाताईंच्या नावाने उघडी ठेवली. उद्या पुन्हा तेरा मिनिटं कुणाला हवी असती, तर मिळाली असती. फक्त आधी १२३ टाकावे लागले असते.

त्यांनी हे मॅनेजरसाहेबांना सांगितलं. साहेब म्हणाले, "ताई, आता लॉक लावलंय ना? ठराव झालाय."

शैलाताईंनी मग बापूंकडे बघायला सुरुवात केली. बापू कॅशियर. त्यांच्या काउंटरला पितळी कुलपाचा गल्ला. बापू पाणी प्यायला उठले तरी किल्ली फिरवायचे. शिंक आली म्हणून मागे वळले तरी. बोलता बोलता, डोळे दुसरीकडे असताना, हात आपोआप कुलपाकडे जायचा. त्यांच्यासाठी ना कधी ठराव झाला होता, ना साठ सेकंदांचा आकडा कुणी भरला होता.

"बापू, तुम्हाला हे कुणी शिकवलं?"

"कुणी न्हाई. पहिल्या वर्षी पाचशेची एक नोट कमी आली. माझ्या पगारातनं कापली. तवापास्नं."

त्या रात्री शैलाताईंनी वहीच्या पानावर अर्ज लिहिला, टाइपसुद्धा केला नाही. त्यात ठरावाविरुद्ध एक शब्द नव्हता. मागण्या साध्या होत्या. प्रत्येकाला विंडोजमध्ये शिरायला स्वतःचं नाव आणि स्वतःचा पासवर्ड, म्हणजे एकाने लॉक केलेलं दुसऱ्याला त्याच्या नावाने उघडता येणार नाही. दुसरा बसेल तो आपल्या नावाने. पतसंस्थेचा प्रोग्रॅमही काही वेळ हात लागला नाही तर स्वतःच बाहेर काढेल असा. वेळ एक मिनिटाऐवजी पाच, कारण तेवढ्यात आजींची रबरं सुटतात. एजंटांसाठी कोपऱ्यात जुना संगणक, ज्यावर भरणा उतरवण्याखेरीज दुसरं काही उघडतच नाही. आणि शेवटचं: महिन्याच्या एक तारखेला प्रत्येकाला त्याच्या नावाने उघडलेल्या खात्यांची आणि झालेल्या बदलांची छापील यादी द्यावी, त्याने वाचून सही करावी. यादीत न केलेलं काही निघालं आणि सही करून बसला, तर ते त्याचं.

हा शेवटचा मुद्दा वाचून वसुली अधिकारी भडकला. "म्हणजे आम्ही चोर?"

"मी चोर होते की नव्हते?" शैलाताईंनी विचारलं. त्यावर तो गप्प बसला.

लेखापरीक्षकांनी अर्ज आपल्या अहवालाला जोडला, म्हणून तो मंजूर झाला. नाहीतर फायलीत गेला असता.

पहिल्या यादीत वसुली अधिकाऱ्याच्या नावावर एका कर्जखात्याचा पत्ता बदललेला निघाला. तो बदल मॅनेजरसाहेबांनीच केला होता, बरोबरच होता, पण त्याच्या खुर्चीत बसून, त्याच्या नावाने. दोघांची चांगलीच जुंपली. त्या दिवसापासून खुर्चीतून उठताना वसुली अधिकाऱ्याचा डावा अंगठा विंडोजच्या बटणावर आणि उजवं बोट एलवर पडू लागलं. दोन्ही एकदम दाबली की पडदा त्या क्षणी बंद. पाच मिनिटांचं आपोआप कुलूप होतंच, पण ते कधीमधी विसरणाऱ्यासाठी राहिलं. साहेबांचं घड्याळ परत मनगटावर गेलं. याचं श्रेय कुणी त्यांच्या सौभाग्यवतींना देतात, खरं-खोटं माहीत नाही.

एक अडचण मात्र अर्जात लिहिता येण्यासारखी नव्हती. चेअरमन अण्णा.

अण्णा पैशाला प्रामाणिक माणूस. संस्था त्यांनीच उभी केली. पण त्यांना एक सवय होती. सकाळी येऊन काउंटरच्या आत शिरायचं, उघडा संगणक बघून खुर्ची ओढायची आणि गावातल्या माणसांची खाती चाळायची. सोसायटीच्या निवडणुकीत समोर कोण उभं राहतंय, त्याच्याकडे किती आहेत. अमक्याच्या मुलीला स्थळ सांगून आलंय, त्याला कर्ज किती. त्यांनी कधी रुपया हलवला नाही. पण गावात रुपयापेक्षा माहिती जास्त लांब जाते, आणि एखादं लग्न मोडायला खातेउताऱ्याचा एक आकडा पुरतो. तो आकडा कुणी पाहिला, असं विचारलं असतं तर यादीत पुन्हा एखाद्या लिपिकाचंच नाव निघालं असतं.

अण्णा आले. दोन्ही पडदे काळे.

"शैला, उघड गं जरा. खालच्या आळीच्या पाटलाचं बघायचंय."

"उघडते, अण्णा," शैलाताई म्हणाल्या. "पण तुम्ही बघाल ते माझ्या नावावर चढेल. एक तारखेला मला त्यावर सही करायची आहे. पाटलांचं खातं का उघडलं, म्हणून विचारलं तर काय लिहू?"

अण्णा शैलाताईंकडे बघत राहिले. बावीस वर्षांत त्यांना असं कुणी विचारलं नव्हतं. बापूंनी नोटा मोजायचं थांबवलं.

"मला माझा आयडी द्या मग," अण्णा म्हणाले. "चेअरमन आहे मी."

पुढच्या बैठकीत तो विषय आला. आयडी देऊ नये असं म्हणायची कुणाची छाती नव्हती. लेखापरीक्षकांनी एवढंच सुचवलं की, आयडी फक्त बघण्यापुरता असावा, प्रत्येक खातं उघडताना कारण लिहायचा रकाना असावा आणि यादी सर्वसाधारण सभेच्या फायलीत लागावी. अण्णा म्हणाले, "लावा की, मला काय." पुढच्या आठवड्यात सॉफ्टवेअरवाला पोरगा येऊन आयडी करून गेला. अण्णांनी पासवर्ड स्वतः टाकला, कुणाला दिसू नये म्हणून कीबोर्डवर हात आडवा धरून.

मार्चअखेरीला लेखापरीक्षकांनी सगळ्यांच्या याद्या काढल्या. शैलाताईंची सत्तर पानांची निघाली. अण्णांच्या यादीवर फक्त मथळा होता.