बहिष्कृताचा कैवार

अल्पसंख्याकांच्या हक्कांचे रक्षण असा विषय निघाला म्हणजे एका बाजूस मोठा समाज आणि दुसऱ्या बाजूस लहान समाज असे चित्र आपल्यापुढे उभे राहते, आणि लहानाला मोठ्यापासून वाचविले की न्यायाचे काम आटोपले असे आपण गृहीत धरतो. परंतु लहान समाजाच्या पोटातही त्याहून लहान असा एक असतो, तो म्हणजे धर्माधिकाऱ्याच्या आज्ञेशी ज्याचे मत जुळले नाही असा एकटा मनुष्य, आणि त्याचा कैवार घ्यावा तर समाजाच्या धर्मस्वातंत्र्यास बाध येतो, न घ्यावा तर ते स्वातंत्र्य नेमके कोणासाठी राखले, असा प्रश्न उरतो.

मुंबई प्रांताने 1949 साली या प्रश्नाला सरळ हात घातला. कोणत्याही धर्मातील वा जातीतील बहिष्कार बेकायदा ठरविणारा आणि तो पुकारणाऱ्यास एक हजार रुपयांपर्यंत दंडाची तरतूद करणारा कायदा त्या वर्षी संमत झाला. आणि दाऊदी बोहरा समाजाचे धर्मगुरू सैयदना ताहेर सैफुद्दीन यांनी त्यास आव्हान दिले.

बोहऱ्यांमध्ये या बहिष्काराला ‘बरात’ म्हणतात. वयात येताना ज्याने दाईंशी, म्हणजे समाजाच्या धर्मगुरूंशी, निष्ठेची शपथ, म्हणजे मिसाक, घेतली, त्याने ती मोडली असे ठरले की मशिदीत त्याला नमाज नाही, जमातखान्यात प्रवेश नाही, आणि मेल्यावर समाजाच्या कब्रस्तानात जागा नाही. त्या समाजात एका मोठ्या थाळाभोवती अनेकांनी बसून, प्रथम मिठाची चिमूट चाखून, एकत्र जेवण्याची सुंदर रीत आहे. ज्या मनुष्यासाठी त्या थाळाभोवतीची जागा नाहीशी होते, त्याच्या घरच्या लग्नाला कोण येणार, त्याच्या पेढीशी व्यवहार कोण ठेवणार आणि त्याच्या सख्ख्या बहिणीने त्याच्या उंबरठ्यावर पाऊल टाकावे की नाही, हे प्रश्न कोणत्याही लेखी फर्मानावाचून आपोआप निकालात निघतात.

सर्वोच्च न्यायालयाने 1962 साली, चार विरुद्ध एक अशा मतांनी, तो कायदा घटनाबाह्य ठरविला. धर्मतत्त्वांचे उल्लंघन करणाऱ्यास बाहेर काढणे हे संप्रदायाचे ऐक्य टिकविण्याचे साधन आहे, सबब तो धर्मव्यवहारच होय आणि घटनेचे 26वे कलम त्यास संरक्षण देते, बहिष्कृताच्या नागरी हक्कांवर त्यायोगे आघात झाला तरी त्याने फरक पडत नाही, असा बहुमताचा आशय होता. या विचारात तथ्य नाही असे मला म्हणवत नाही. आपले कोण आणि परके कोण हे ठरविण्याची मुभा ज्या संप्रदायाला नाही, तो फार काळ संप्रदाय राहत नाही. तथापि सरन्यायाधीश भुवनेश्वर प्रसाद सिन्हा यांचे एकट्याचे भिन्नमत मला अधिक खोल वाटते, कारण बहिष्कृत मनुष्य आपल्याच समाजात अस्पृश्य होतो आणि त्याचे निवारण करणारा कायदा अस्पृश्यता नष्ट करणाऱ्या 17व्या कलमाचीच आज्ञा पाळतो, हे त्यांनी स्पष्टपणे सांगितले. श्रद्धा ही वस्तू समुदायाच्या अंतःकरणात नव्हे, एकेका मनुष्याच्या अंतःकरणात वसते. तेव्हा धर्मस्वातंत्र्याचा पहिला धनी तो मनुष्य, आणि समुदायाचा हक्क त्याच्याकडून आलेला. नमाजाच्या पंगतीतून कोणाला वगळावे हे समाजाने खुशाल ठरवावे, पण कब्रीची जागा, पोटाचा धंदा आणि रक्ताचे नाते यांवर धर्मपीठाची सनद चालू नये.

हा रोग एकाच समाजाचा आहे असे मानणे अन्यायाचे होईल. पंचहौद या ख्रिस्ती मिशनमधील 1890च्या चहापानानंतर पुण्यात जे ग्रामण्य, म्हणजे जातिबहिष्काराचे प्रकरण, माजले, त्यात न्यायासनावर बसणाऱ्या महादेव गोविंद रानड्यांनीही अखेर प्रायश्चित्त घेतले. त्यापूर्वी चाळीस वर्षे, 1850च्या कायद्याने, जातीबाहेर पडलेल्याचा वारसाहक्क अबाधित ठेवला होता. वारसा राखला, पण शेजार राखण्याची युक्ती त्या कायद्याजवळ नव्हती.

ती आजच्याही कायद्याजवळ पुरती नाही. जातपंचायतींच्या आणि कोकणातील गावकीच्या अन्यायाविरुद्ध दीर्घ चळवळ झाल्यावर महाराष्ट्राने 2016 साली सामाजिक बहिष्काराविरुद्ध स्वतंत्र कायदा केला, त्यात तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक लाख रुपयांपर्यंत दंड आहे. परंतु बहिष्कार हा बहुतांशी न केलेल्या गोष्टींचा गुन्हा असतो: कोणी बोलले नाही, कोणी आमंत्रण दिले नाही, वाण्याने माल संपला म्हणून सांगितले. यांतील प्रत्येक गोष्ट वेगळी काढली तर निरपराध, आणि त्यांना एकत्र गुंफणारा हुकूम बैठकीत तोंडी सुटलेला. साक्ष द्यायची ती त्याच आळीतल्या माणसाने, ज्याला दुसऱ्या दिवशी त्याच विहिरीवर जायचे आहे. फिर्यादी स्वतःसुद्धा मनाने बाहेर पडलेला नसतो. त्याला पंचांना शिक्षा नको असते, परत घेतले जायला हवे असते, आणि पंचांनी समेटाचा हात पुढे केला की दाखल झालेली फिर्याद तो आपण होऊन मागे घेतो.

बोहरा समाजातील सुधारकांनी 1962च्या निर्णयाचा फेरविचार व्हावा म्हणून 1986 साली अर्ज केला. 2023च्या फेब्रुवारीत तो नऊ न्यायमूर्तींच्या पीठाकडे सोपविण्यात आला. दरम्यान सदतीस वर्षे लोटली होती, आणि कब्रस्तानाचा प्रश्न तेवढी वर्षे थांबून राहण्यासारखा नव्हता.