कुठंतरी लागेलच

आमच्या घरी एक बारा बोरची दुनळी बंदूक होती. परवाना बाबांच्या नावाचा, पीक संरक्षणाचा. आर्वीहून खरांगण्याकडं जाताना टेकड्या आणि सागाचं रान लागतं, त्या रानाच्या काठाला आमचं वावर. कपाशी, ज्वारी, तूर, आणि गोठ्यात चार गवळाऊ गाई. काडतुसं मोजून मिळत आणि बाबा एकेक काडतूस कुठं उडवलं ते वहीत लिहीत. गावात बाकीच्यांकडं उधारीची वही असायची, आमच्याकडं छऱ्यांचीही होती.

बंदूक हातात देण्याआधी बाबांनी मला तिचं शास्त्र शिकवलं. एक पौंड शिशाच्या बारा सारख्या गोळ्या केल्या तर त्यातली एक जेवढी जाड, तेवढं बारा बोरच्या नळीचं भोक. चोक म्हणजे काय, ते त्यांनी विहिरीवर दाखवलं. पाइपाचं तोंड अंगठ्यानं आवळलं की धार एकवट होऊन लांब जाते. नळीचंही तसंच. आमची उजवी नळी अर्ध्या चोकची, डावी पूर्ण चोकची. पूर्ण चोक म्हणजे तरी काय, तोंडाशी जेमतेम एक मिलिमीटर आवळलेलं. पण तेवढ्यानं चाळीस वारांवर तीस इंची वर्तुळात शंभरातले सत्तर छर्रे पडतात, अर्ध्या चोकमधून साठ. बाबांनी जुनं धोतर दोन बांबूंना ताणून त्यावर बार काढला आणि मला भोकं मोजायला बसवलं.

मग छर्रे. एका औंसाला सहा नंबरचे छर्रे २७०, चार नंबरचे १७०, बीबीचे सत्तर, एसजीचे आठ आणि एलजीचे फक्त सहा. सहा नंबर लाव्ह्या-तितराला, चार नंबर सशाला, बीबी कोल्ह्याला. डुकराला आणि बिबटाला एलजी, तोही उजव्या नळीतून. मोठा छर्रा फार आवळलेल्या तोंडातून एकमेकांवर दबून निघतो आणि वेडावाकडा जातो, हे त्यांनी त्याच धोतरावर पाहिलं होतं. आणि एलजीचे छर्रे मोजकेच, म्हणून अंतर पंचवीस पावलांच्या आत हवं.

"अन् दूर असंन तं?" मी विचारलं.

"तं नको मारू. जनावर मेलं नाई तं ते आपलं दुखनं घिऊन फिरते. मंग थे दुखनं कोनाच्या दारात जाऊन बसंन, सांगता येत नाई."

१९६९ सालच्या हिवाळ्यात बिबटानं आमचं वासरू नेलं. तेव्हा अशा जनावराला मारणं आजच्यासारखा गुन्हा नव्हता, वन्यजीव संरक्षण कायदा आला तो १९७२ साली. बाबा नागपूरला गेले होते. घोडा ओढायचा अधिकार माझा नव्हता. पण एकोणीस वर्षांचं वय आणि मायचं रडणं. मी डबा उघडला. डब्यात एलजीची पाच काडतुसं होती, चार नंबरची बरीच. मी चार नंबर उचलली.

का उचलली, हे मला तेव्हाही माहीत होतं. आमचं मचाण उरलेल्या वासरापासून पन्नास पावलांवर. एलजीचे सहा-सात छर्रे एवढ्या अंतरावर त्याच्या दोन्ही बाजूंनी निघून जातील. जवळ जाऊन बसायची छाती नव्हती. चार नंबरात छर्रे भरपूर. मनात म्हटलं, कुठंतरी लागेलच.

लागलेच. बिबट कोलमडला, उठला आणि तुरीत गेला. सकाळी तुरीच्या पानांवर रक्ताचे पाच-सहा थेंब होते, पुढं काही नाही.

बाबा आले. डबा मोजला. "कोनता नंबर?"

"चार."

त्यांनी हात उगारला नाही, शिवीही दिली नाही. एलजी भरून बंदूक खांद्याला लावली आणि मला मागं घेतलं. दोन दिवस आम्ही नाले-ओहोळ पालथे घातले. बिबट सापडला नाही.

दीड महिन्यानं शेजारच्या गावच्या एका गुराख्यावर बिबट पडला. माणूस वाचला, पण डावा हात कायमचा गेला. कोणी म्हणे जनावर लंगडत होतं, कोणी म्हणे चांगलं धडधाकट होतं. बाबांनी बंडीत ज्वारीचं पोतं टाकलं आणि मला सोबत नेलं. त्या घरी मी खाली मान घालून बसलो. बाबा बोलले नाहीत, मीही बोललो नाही. परत येताना एवढंच म्हणालो, "थोच होता काऊन, बाबा?"

"मले नाई माहीत. तुलेही नाई. पन काडतूस कोनतं घेतलं, थे तं तुले माहीत होतं."

पुढं जिम कॉर्बेटचं 'मॅन-ईटर्स ऑफ कुमाऊं' वाचलं. चंपावतच्या वाघिणीचे उजवीकडचे दोन्ही सुळे जुन्या बंदुकीच्या जखमेनं मोडलेले होते. तिच्या नावावर ४३६ माणसं. ज्यानं तो बार काढला, त्याला हे कधी कळलंही नसेल. हे वाचून मी पुस्तक मिटलं आणि कितीतरी दिवस उघडलं नाही.

आमचा जिल्हा गांधीजींचा. इथं मारावं की मारू नये, एवढ्यावरच वाद संपतो. पण खुद्द गांधीजींनी १९२८ साली साबरमतीच्या आश्रमात असाध्य दुखण्यानं तळमळणाऱ्या वासराला डॉक्टरकडून सुई देऊन मरण दिलं, आणि त्यावर उठलेला गदारोळ अंगावर घेतला. मला त्यात एक गोष्ट दिसते. त्यांनी वासराकडं पाहिलं होतं. निर्णय त्यांचा होता आणि तो त्यांनी आपल्या नावावर ठेवला.

माझं पाप बिबटावर बंदूक रोखण्यात होतं की नाही, यावर मी आजही दोन्ही बाजूंनी बोलू शकतो. वासरू गेलेल्या माणसाला अहिंसा शिकवणं सोपं असतं. पण 'कुठंतरी लागेलच' यात होतं, याबद्दल मला शंका नाही. नेम धरायचा तर जवळ जावं लागतं, पाहावं लागतं, चुकलो तर परिणाम भोगावा लागतो. भरपूर छर्रे टाकले की जबाबदारीही फाकते. कोणता दाणा कुठं लागला, कोणी विचारत नाही.

हे सगळं आज लिहायचं कारण वेगळं आहे. बाबा गेल्यावर बंदूक ठाण्यात जमा केली. आता वावरात सोयाबीन आणि संत्रा आहे, आणि रानडुकरांचा कळप एका रात्रीत एकरभर सोयाबीन उलथून टाकतो. रोही येतात ते वेगळंच. भरपाईचा अर्ज, पंचनामा, चकरा. यात पोराची कंबर मोडली. मागच्या हंगामात तो एका संध्याकाळी म्हणाला, "बाबा, कुंपनाच्या ताराले लाइन देतो. रातभर जागाची कटकट नाई. आलं थे अडकंन."

मी दचकलो. शब्द वेगळे होते, वाक्य माझंच होतं.

त्याला मी ऑक्टोबर २०१७ ची आठवण करून दिली. ब्रह्मपुरीकडं पकडून बोरच्या जंगलात सोडलेली वाघीण माणसं मारत आपल्या जिल्ह्यात फिरत होती. तिला गोळी घालण्याचा आदेश निघाला, त्यावर कोर्टात भांडण झालं. आणि ती मेली सिंदी विहिरीच्या शिवारात, कोणीतरी डुकरांसाठी सोडलेल्या करंटाच्या तारेत. तिला मारावं की नाही यावर मोठमोठी माणसं भांडत होती, तारेनं कोणालाच विचारलं नाही. तारेला चोक नाही, नंबर नाही, अंतर नाही. डुक्कर, वाघीण, पहाटे पाणी द्यायला निघालेला शेजारी, सगळे तिला सारखेच.

मग मी त्याला चार नंबरची गोष्ट सांगितली. त्या गुराख्याचं नावही सांगितलं. पन्नास वर्षांत पहिल्यांदा.

तो बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "ठीक हाय, लाइन नाई देत. पन डुकराचं काय करू, थे सांगा."

याचं पुरं उत्तर माझ्यापाशी नाही. वनखात्याकडं परवानगीचा अर्ज केला आहे, साधं कुंपण निम्म्या वावराला झालं आहे, उरलेल्या निम्म्यात आम्ही आळीपाळीनं जागलीला जातो. मी सत्तरी ओलांडली, रात्री नीट दिसत नाही. तरी माझी पाळी मी चुकवत नाही. टॉर्च घेऊन बसतो, डबा वाजवतो, आणि खसफस ऐकू आली की आधी उजेड टाकून पाहतो, कोण आलं आहे.