पुढाऱ्याला फोन लावण्याआधी

तळा तालुक्यात हळद असो की शिमग्याची पालखी, मध्यरात्र उलटली की गाड्या इंदापूरच्या रस्त्याला लागतात. चाकरमान्याला सकाळी मुंबईत कामावर हजर व्हायचे असते. पोटात दारू, मागे झोपलेली बायको-मुले आणि पुढे मुंबई-गोवा महामार्ग. अशी गाडी पोलिसांनी अडवली की पहिला फोन जातो गावच्या पुढाऱ्याला: "आपलाच पोरगा आहे, बघा जरा." ही सवय मोडलीच पाहिजे.

पावती फाडली की प्रकरण मिटते, हा मोठा गैरसमज आहे. १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅमपेक्षा जास्त मद्य असताना गाडी चालवली, तर मोटार वाहन कायद्याच्या कलम १८५ खाली गुन्हा होतो. पहिल्या वेळी ६ महिन्यांपर्यंत कैद, १०,००० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. पुन्हा सापडला तर २ वर्षांपर्यंत कैद. यात रस्त्यावर तडजोड नाही, कोर्टातच उभे राहावे लागते. श्वासातले मद्य तपासणाऱ्या यंत्रात फुंकायला नकार दिल्याने सुटका होत नाही, उलट तो नकारच विरोधात जातो. लायसन्स निलंबित होते आणि मिनीडोर किंवा टेम्पो चालवणाऱ्याच्या घरची चूलच थंडावते. गाडी आपटली तर विमा कंपनी नुकसानीचा दावा फेटाळू शकते.

आणि कोणी मेले तर? नोव्हेंबर २००६ मध्ये वांद्र्याच्या कार्टर रोडवर मद्य प्यायलेल्या तरुणाच्या गाडीखाली फुटपाथवर झोपलेले ७ मजूर चिरडले गेले. सत्र न्यायालयाने निष्काळजीपणा धरून ६ महिने दिले. उच्च न्यायालयाने तो सदोष मनुष्यवध ठरवून ३ वर्षे दिली. २०१२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती शिक्षा कायम केली आणि ती फारच तोकडी असल्याचेही नोंदवले. प्यायलेला माणूस चाक हातात घेतो तेव्हा काय होऊ शकते हे त्याला ठाऊक असते, हाच या निकालाचा गाभा आहे.

मग अशा माणसाला वकील का मिळावा, असे लोक संतापाने विचारतात. मिळालाच पाहिजे. राज्यघटनेच्या २२ व्या अनुच्छेदाने अटक झालेल्या प्रत्येकाला तो हक्क दिला आहे. कोठडीतल्या माणसाला, त्याचे उत्पन्न कितीही असो, विधी सेवा समितीकडून मोफत वकील मागता येतो. १५१०० हा त्यांचा क्रमांक. अटकेनंतर २ तासांत वैद्यकीय तपासणी झाली का, यंत्र नीट चालत होते का, गाडी खरोखर तोच चालवत होता का, हे वकिलाने विचारलेच पाहिजे. निरपराध माणूस अडकू नये म्हणून हे प्रश्न असतात.

पण पुरावा तपासणे वेगळे आणि पुरावा नासवणे वेगळे. १९ मे २०२४ ला पुण्यात कल्याणीनगरला गाडीच्या धडकेत दोन तरुण अभियंते मेले, आणि चालकाच्या रक्ताचा नमुना बदलल्याच्या आरोपावरून ससून रुग्णालयाच्या डॉक्टरांना अटक झाली. पुढाऱ्याला फोन लावून आपण मागत असतो ते याच वाटेवरचे काहीतरी. तो फोन करणाऱ्या बापाला पोराचे भले हवे असते, हे मला समजते. पण एकदा असा सुटलेला पोरगा पुढच्या हळदीला पुन्हा चावी उचलतो.

चावी देणाऱ्यालाही मी दोष देईन. पाहुण्याला आग्रह करून पाजायचे आणि मग "सांभाळून जा रे" म्हणत गेटपर्यंत सोडायला जायचे, याला पाहुणचार म्हणत नाहीत. प्यायलेल्याच्या हाती गाडी सोपवणाऱ्या मालकालाही कायद्याने शिक्षा आहे.

म्हणून तळा तालुक्यातल्या प्रत्येक गावकीला आणि मुंबईतल्या ग्रामस्थ मंडळांना माझी विनंती आहे. पुढच्या बैठकीत दोन ठराव करा. जिथे दारू असेल त्या मांडवात चाव्या यजमानाकडे जमा होतील आणि पाहुणे सकाळी निघतील. आणि कोणी पकडला गेलाच, तर गाव त्याला वकील मिळवून देईल, पण त्याच्यासाठी पोलीस ठाण्यात फोन कोणीही करणार नाही.