नागसेनाचा रथ आणि दुसरा गिअर

पोर्शे ९११ या गाडीचे इंजिन मागच्या ॲक्सलच्याही मागे असते, गिअरबॉक्स त्याच्या पुढे, आणि गिअरचा दांडा मात्र चालकाच्या हाताशी, पुढच्या दोन सीटांच्या मध्ये. मधले अंतर गाडीच्या पोटातल्या बोगद्यातून जाणारी एक लांब सळई पार करते. मागच्या सीटांमधला गालिचा उचलून पत्र्याचे झाकण काढले की या सळईचे मागचे टोक दिसते. तिथे एक छोटे कपलिंग असते, त्यात प्लॅस्टिकचे बुश, सळईभोवती एक पकड आणि त्या पकडीला एक बोल्ट. १९७२ च्या मॉडेलपासून १९८६ पर्यंत साध्या ९११ मध्ये ९१५ क्रमांकाचा गिअरबॉक्स होता आणि त्या गाड्यांची एक ठरलेली तक्रार असते: गिअर पडत नाही. दुसरा टाकायला जावे तर करकर होते, पहिला शोधत बसावे लागते, पडलेला गिअर मध्येच सुटून न्यूट्रलला येतो. अशा वेळी संशय गिअरबॉक्सवर जातो. तो उतरवून सिंक्रोच्या रिंगा बदलण्याच्या गोष्टी सुरू होतात. कधी त्या खरोखरच झिजलेल्या असतात, कधी क्लच पूर्ण सुटत नसतो. पण कित्येकदा दुरुस्ती एवढीच असते: गिअरबॉक्स न्यूट्रलला ठेवायचा, पकडीचा बोल्ट सैल करायचा, सळई कपलिंगच्या मानाने जराशी फिरवायची, जराशी पुढेमागे सरकवायची, वर दांडा योग्य जागी धरून ठेवायचा आणि बोल्ट आवळायचा. फिरवण्याने दांडा गिअरच्या कुठल्या ओळीत उतरणार ते ठरते, सरकवण्याने गिअर किती खोल बसणार ते. दोन्ही गोष्टी त्या एका बोल्टवर.

या दुरुस्तीत गाडीत काही घातले गेले नाही आणि गाडीतून काही काढलेही गेले नाही. दांडा तोच, सळई तीच, बुश तेच, गिअरबॉक्स तोच. मग आधी जो दोष होता तो कुठे होता? दांड्यात म्हणावे तर दांडा सरळ आणि धड आहे. सळई वाकलेली नाही. गिअरबॉक्सच्या आत सगळे दाते शाबूत आहेत. एकेका भागाला विचारत गेले तर प्रत्येक भाग निर्दोष सुटतो, आणि तरीही दुसरा गिअर पडत नाही. प्रश्नाची ही धाटणी भारतीय तत्त्वज्ञानात जुनी आहे. इसवी सनपूर्व दुसऱ्या शतकातला यवन राजा मिनँडर, म्हणजेच मिलिंद, आणि भिक्खू नागसेन यांच्या संवादात नागसेन राजाला त्याच्या रथाबद्दल असेच विचारतो. दांडी म्हणजे रथ का? आस? चाके? जू? राजा प्रत्येकाला नाही म्हणतो. सगळे मिळून का, यालाही नाही आणि या सगळ्यांहून वेगळे काही का, यालाही नाहीच. मग राजाच कबूल करतो की रथ हा भागांच्या आधाराने चालणारा निव्वळ व्यवहार आहे, नाव आहे. आणि ‘नागसेन’ हेही तसेच, असे नागसेन त्याला सांगतो. हा संवाद मराठी वाचकाला परका नाही. डॉ. आंबेडकरांनी औरंगाबादला काढलेल्या महाविद्यालयाला मिलिंदाचे नाव आहे आणि ते ज्या परिसरात उभे आहे त्याला नागसेनवन म्हणतात.

माझे म्हणणे असे की बिघडलेल्या गाडीपाशी हा संवाद पुन्हा घडवला तर राजाला इतक्या सहज हार पत्करता येणार नाही. धावणाऱ्या रथाबद्दल बोलताना ‘रथ म्हणजे फक्त नाव’ हे पटते, कारण नाव आणि काम तिथे एकत्रच नांदतात. गिअर न पडणाऱ्या गाडीत भाग सगळे आहेत, नावही आहे, काम तेवढे नाही. भाग तेच ठेवून आणि नाव तेच ठेवून जे बदलल्यावर काम होऊ लागले, ते नाव नव्हे आणि भागही नव्हे. तो भागांमधला संबंध आहे. आणि ज्याच्या बदलाने लोखंडाचे वागणे बदलते त्याला केवळ मनाची कल्पना म्हणणे अवघड आहे.

बौद्ध परंपरेला हे सुचले नसेल असे समजू नये. सातव्या शतकातल्या धर्मकीर्तीने ‘संबंधपरीक्षा’ नावाचा छोटा ग्रंथच लिहिला आणि त्यात संबंध वस्तुतः नसतो असे मांडले. त्याचा पेच असा: दोन वस्तू आपापल्या परीने पूर्ण सिद्ध असतील तर त्यांना एकमेकींवर अवलंबून राहण्याचे कारण काय, आणि सिद्धच नसतील तर संबंध कुणाचा? शिवाय संबंध ही तिसरी गोष्ट मानली तर ती पहिल्या दोघींना चिकटवायला चौथी लागेल, आणि ही रांग संपणार नाही. पेच मोठा आहे. पण याच धर्मकीर्तीने खरे काय हे ओळखायची कसोटीही दिली आहे: जे काही कार्य घडवून आणू शकते ते खरे. ती अर्थक्रियेची कसोटी इथे लावून पाहावी. बोल्ट सैल करून सळई काही अंश फिरवली, एवढाच फरक. कार्य मात्र नव्याने घडले. त्याच्याच मापाने संबंध खरा ठरतो.

धर्मकीर्तीचा पाठीराखा इथे थांबणार नाही. तो म्हणेल, फिरवलेली सळई ही आधीची सळई नाहीच. प्रत्येक क्षणी वस्तू नवी असते, आणि कार्य घडवते ती ही नवी, वेगळ्या कोनातली सळई. मध्ये संबंध घुसवायची गरज नाही. या आक्षेपाचे उत्तर घाटात मिळते. ९११ एखाद्या नागमोडी चढावर घ्या. दर वळणाला गाडी वळते, कलते, नाक वर करते. म्हणजे त्या सळईचा जगाच्या मानाने असलेला कोन पकडीजवळ फिरवला त्याच्या कितीतरी पट बदलतो. तरी गिअर नीट पडत राहतात, कारण सळईबरोबर कपलिंगही तितकेच वळले आणि कलले. उलट बोगद्याच्या टोकाशी एकटी सळई थोडीशी हलली की दुसरा गिअर गेला. म्हणजे कार्य सळईच्या स्वतःच्या कोनामागे जात नाही, कपलिंगच्या कोनामागेही जात नाही; दोघांतल्या फरकामागे जाते. तो फरक दोघांपैकी एकाच्याच स्वभावात लिहिलेला असू शकत नाही. क्षणाक्षणाला नवी वस्तू मानली तरी ही नवी सळई आधीच्या सळईहून कामाच्या दृष्टीने कशी वेगळी, हे सांगताना दुसऱ्या वस्तूचे नाव घ्यावेच लागते. राहता राहिली ती न संपणारी रांग. आवळलेली पकड सळईला धरून ठेवते ती दाबाने आणि घर्षणाने; पकड आणि सळई यांना आणखी कुणी धरून ठेवावे लागत नाही. संबंधाला वस्तू मानले की रांग सुरू होते. तो वस्तू नाही, दोन वस्तूंचे एकमेकींपाशी असणे आहे.

वैशेषिकांनी हे ओळखले होते. त्यांच्या चोवीस गुणांत संयोग हा एक गुण आहे आणि तो एका द्रव्यात राहत नाही, दोघांत मिळून राहतो. बौद्ध आचार्य चंद्रकीर्तीने रथाची सात अंगांनी चिकित्सा करताना आकाराचाही विचार केला होता: आकार सुट्या भागांचा म्हणावा तर भागांचे आकार जोडण्याआधी होते तसेच नंतर आहेत, आणि समुदायाचा म्हणावा तर समुदाय ही मुळात वस्तूच नाही. पण सुटा भाग आणि अख्खा समुदाय यांच्या मध्ये जी जोडी असते ती यात सुटली. सळईचा आकार बदलला नाही, गाडीचाही नाही. बदलला तो दोघांतला संयोग. बोल्ट सैल झाला तेव्हा जुना संयोग संपला, आवळला तेव्हा नवा झाला. वैशेषिकांच्या हिशेबात संयोग असाच येतो आणि जातो. त्यांची मला जाणवणारी उणीव वेगळी आहे. संयोग बिघडलेल्या गाडीतही होता! सळई आणि पकड तेव्हाही एकमेकींना घट्ट चिकटून होत्या. नुसते चिकटणे आणि जुळणे यांत फरक करायला त्या चोवीस गुणांत मला जागा सापडत नाही.

इथे सगळ्यात वजनदार आक्षेप पुढे येतो. जुळणे आणि न जुळणे हा भेद लोखंडाला कुठे ठाऊक आहे? गिअर पडावा ही इच्छा माणसाची. माणूस वगळला तर सळईचा कुठलाही कोन दुसऱ्या कोनाइतकाच चांगला. यातले अर्धे मला मान्य आहे. हेतू आपला आहे. पण हेतू ठरल्यावर कोणता कोन चालेल हे आपण ठरवत नाही, आणि मतदानानेही ते ठरत नाही. जुन्या गाड्यांच्या चालकांकडे याचा चांगला पुरावा आहे. वर्षानुवर्षे एकच गाडी चालवली की हात त्या वाकड्या सेटिंगला सरावतो. दांडा जरा डावीकडे दाबून, क्षणभर थांबवून, मग ओढायचा हे आपसूक होते, आणि मालक सांगतो की ही गाडी अशीच आहे. त्याच्या लेखी दोष उरलेला नसतो. गिअरबॉक्सच्या आत मात्र अर्धवट बसणारा गिअर आणि घासणारी सिंक्रोची रिंग सवयीला जुमानत नाहीत; झीज चालूच राहते. दोष फक्त पाहणाऱ्याच्या अपेक्षेत असता तर अपेक्षा बदलल्यावर तो संपायला हवा होता. बुश खरोखरच झिजलेले असतात त्याचे काय, असेही कुणी विचारेल. असतात. पण नवे बुश बसवूनही पकड चुकीच्या कोनात आवळली तर तक्रार तशीच राहते, आणि झिजलेला बुश दोषी ठरतो तोही त्याच्यामुळे त्या दोन टोकांत खेळ येतो म्हणूनच.

नागसेनाला अर्थात रथाचे फारसे कौतुक नव्हते. त्याला माणसाविषयी बोलायचे होते. म्हणून या सगळ्याचा त्याच्या मूळ उपदेशावर काय परिणाम होतो हे पाहिले पाहिजे. भागांमधली जुळणी खरी मानली तर मागच्या दाराने आत्मा परत येतो, अशी भीती कुणाला वाटेल. मला ती निराधार वाटते. आत्मवादी ज्याला आत्मा म्हणतो तो नित्य आहे, भागांवाचून राहू शकणारा आहे. जुळणी यांतले काहीच नाही. ती भागांवाचून असू शकत नाही, धक्क्यांनी सरकते, बुशांबरोबर झिजते, आणि एका पान्याने सैल होते. अनित्यता तिच्या अंगातच आहे. तेव्हा राजाने ‘सगळे मिळून का?’ या प्रश्नाला नाही म्हणायला नको होते. सगळे मिळून, पण अमुक रीतीने मिळून, असे तो म्हणू शकला असता. मग नागसेनाला रथ हे केवळ नाव आहे असे म्हणता आले नसते. पण रथ टिकणार नाही, आणि त्यात बसलेला राजाही नाही, हे म्हणायला त्याला कुणीच अडवले नसते, आणि विरक्तीच्या उपदेशाला तेवढे आधारविधान पुरेसे होते.